बारा गोळ्यांची रेघ

१९३४ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील करविषयक समितीपुढे एच. आर. ९०६६ या क्रमांकाचे एक विधेयक सुनावणीसाठी आले. मशीनगन कशाला म्हणायचे, हे त्याच्या पहिल्याच कलमात सांगितले होते. मध्ये पुन्हा न भरता स्वयंचलित किंवा अर्धस्वयंचलित रीतीने १२ किंवा त्याहून जास्त गोळ्या झाडण्यासाठी बनवलेले कोणतेही शस्त्र म्हणजे मशीनगन. एकदा चाप दाबल्यावर बंदूक आपोआप झाडत राहते की दर गोळीला चाप ओढावा लागतो, हा फरक या व्याख्येला महत्त्वाचा वाटत नव्हता. तिची सारी भिस्त काडतुसांच्या संख्येवर होती. मॅगझिनच्या क्षमतेवर मर्यादा घालण्याची कल्पना १९९४ मध्ये निघाली, असे आज अनेकांना वाटते. सुनावणीचे छापील इतिवृत्त मात्र तिला साठ वर्षे मागे नेते, आणि बंदूकधारकांनी तिला काय उत्तर दिले हेही त्यातच वाचायला मिळते. ते उत्तर आजच्या वादातल्या दोन्ही बाजूंच्या समजुतीत बसत नाही.

ही रेघ आली कुठून? मद्यबंदीच्या काळात टोळ्यांच्या हाती थॉम्पसन सबमशीनगन आली होती. तिला २० काडतुसांची पेटी लागे, तसेच ५० आणि १०० काडतुसांचे गोल ड्रमही. १९२७ मध्ये मिशिगनने १६ पेक्षा जास्त वेळा न भरता झाडता येणाऱ्या शस्त्रांच्या विक्रीवर बंदी घातली आणि ऱ्होड आयलंडने १२ ची मर्यादा कायद्यात लिहिली. १९३२ मध्ये काँग्रेसने खुद्द राजधानी वॉशिंग्टनसाठी जो कायदा केला, त्यातही १२ पेक्षा जास्त गोळ्या न भरता झाडणारे अर्धस्वयंचलित शस्त्र मशीनगनच ठरत होते.

या शेवटच्या कायद्याचा एक कागद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नॅशनल रायफल असोसिएशनचे कार्यकारी उपाध्यक्ष जनरल मिल्टन रेकॉर्ड यांचे पत्र सेनेटच्या समितीच्या अहवालात छापलेले आहे. त्यात त्यांनी या विधेयकाला नुसती मान्यता दिलेली नाही. राजधानीत ते मंजूर झाले तर राज्यांना नमुना म्हणून वापरता येईल, अशी इच्छाही व्यक्त केली आहे. बारा गोळ्यांची मर्यादा त्याच मसुद्यात होती. पिस्तूल विकत घेतल्यावर ते हाती येईपर्यंत ४८ तास थांबण्याची अटही होती. संघटनेने या दोन्ही गोष्टी मान्य केल्या होत्या. बंदूकधारकांची संघटना प्रत्येक मर्यादेला पहिल्यापासून विरोधच करत आली, असे म्हणणाऱ्याने हे पत्र वाचायला हवे.

मग दोनच वर्षांत ती विरोधात का उभी राहिली? कारण ॲटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनी मांडलेल्या मसुद्यात मशीनगनच्या जोडीला साधी पिस्तुले आणि रिव्हॉल्वरही होती. शस्त्र दुसऱ्याला देताना कर भरायचा, सरकारी अर्ज भरायचा, बोटांचे ठसे द्यायचे. घरच्या ड्रॉवरमध्ये रिव्हॉल्वर ठेवणाऱ्या माणसाला पोलिसांच्या शाईत बोटे बुडवणे अपमानाचे वाटले. संघटनेने सभासदांना तारा करायला सांगितले आणि समितीच्या सदस्यांकडे तारा येऊ लागल्या. सुनावणीत सदस्यांनी रेकॉर्ड यांना त्याबद्दल छेडलेही. विरोधाचा मोठा भाग हातात मावणाऱ्या शस्त्रांच्या नोंदणीभोवती फिरतो, काडतुसांच्या आकड्याभोवती नाही.

आकड्याबद्दल सर्वांत नेमके बोलले ते संघटनेचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक. न्यूयॉर्कचे हे वकील १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये पिस्तूल नेमबाजीत तीन सुवर्णपदके जिंकलेले होते. त्यांचा आक्षेप ऐकून आजचा वाचक चकित होईल. ही व्याख्या फार कडक आहे, अशी त्यांची तक्रार नव्हती. ती अपुरी आहे, असे ते म्हणाले. बारापेक्षा कमी गोळ्या आपोआप झाडणारी बंदूक तिच्यातून सुटते, आणि तीही मशीनगनच आहे. त्यांनी पर्यायी शब्दरचना पुढे ठेवली: चापाच्या एका क्रियेत, हाताने पुन्हा न भरता, एकापेक्षा जास्त गोळ्या आपोआप झाडणारे शस्त्र. अशाने कोल्टचे अर्धस्वयंचलित (सेमी-ऑटोमॅटिक) पिस्तूल मशीनगन ठरेल का, असे विचारल्यावर त्यांनी ठाम नकार दिला.

यांत्रिकदृष्ट्या त्यांचे म्हणणे बरोबर होते. टेक्सासमधील सॅन अँटोनियोतला एक कारागीर त्याच काळात कोल्टची पिस्तुले पूर्ण स्वयंचलित करून, लांब मॅगझिन बसवून गुंडांना विकत होता. तशा पिस्तुलाला कोल्टचे मूळचे सात गोळ्यांचे मॅगझिन लावले असते, तर ते बारा गोळ्यांच्या व्याख्येतून निसटले असते. पण फ्रेडरिक यांच्या शब्दांनी दुसरी एक गोष्ट मोकळी सोडली. सेमी-ऑटोमॅटिक बंदुकीला कितीही मोठे मॅगझिन लावले तरी त्यांच्या व्याख्येला त्याचे काही वाटत नव्हते.

राज्यघटनेबद्दल विचारले तेव्हाचे त्यांचे उत्तरही नोंदलेले आहे. त्या अंगाने आपण अभ्यास केलेला नाही, हवे असल्यास लेखी मत देऊ, असे ते म्हणाले. शस्त्रे सर्रास खिशात बाळगण्यावर कडक निर्बंध असावेत आणि ती परवान्यानेच बाळगावीत, हेही त्यांनी सांगितले. शस्त्रे बाळगण्याच्या हक्काची दुसरी घटनादुरुस्ती हा आज बंदूकधारकांच्या बोलण्यातला पहिला शब्द असतो. १९३४ मध्ये त्यांच्या अध्यक्षांनी युक्तिवाद केला तो व्यवहाराचा: गुंडाला पिस्तूल कसेही मिळेल, जाच होईल तो सरळमार्गी माणसाला.

सुनावण्या चालू असतानाच २२ एप्रिलला विस्कॉन्सिनमधील लिटल बोहेमिया लॉजवर बँका लुटणाऱ्या जॉन डिलिंजरच्या टोळीला पकडण्याचा डाव फसला. एक सरकारी एजंट आणि एक निरपराध नागरिक मारले गेले. एवढ्या तापलेल्या वातावरणातही पिस्तुले आणि रिव्हॉल्वर विधेयकातून वगळण्यात आली. २६ जून १९३४ रोजी सही झालेल्या कायद्यात मुख्यतः मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि सायलेन्सर उरले. हस्तांतराचा कर २०० डॉलर, म्हणजे जवळपास नव्या थॉम्पसनच्या किमतीइतकाच. व्याख्येत चापाच्या एका क्रियेचे फ्रेडरिक यांचे शब्द आले आणि बाराचा आकडा गेला. जुन्या मसुद्यातला ‘अर्धस्वयंचलित’ हा शब्द मात्र नव्या वाक्यात तसाच राहिला, जरी तिथे त्याला फारसा अर्थ नव्हता. तो १९६८ मध्ये काढला गेला. माझ्या मते हा उरलेला शब्दच दाखवतो की मसुदा नव्याने विचारपूर्वक लिहिला गेला नाही. तडजोडीत एक अट काढून तिच्या जागी दुसरी बसवली गेली.

केंद्रीय कायद्यात काडतुसांची मर्यादा परत आली ती १९९४ मध्ये, दहाची, आणि २००४ मध्ये मुदत संपून गेली. १९९४ च्या पाच वर्षे आधी बंदूक-उत्पादक बिल रूगर यांनी काँग्रेसला पत्र लिहून पंधराची मर्यादा सुचवली होती, तेव्हा अनेक बंदूकधारक त्यांच्यावर उखडले. १९३२ चे रेकॉर्ड यांचे पत्र तोवर विस्मरणात गेले होते.

फ्रेडरिक यांचे शब्द मात्र कायद्यात टिकून होते. १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास वेगासमध्ये एका हल्लेखोराने बंप स्टॉक (धक्क्याने बंदूक मागेपुढे सरकून चाप झपाट्याने पुन्हा दाबला जाईल असा दस्ता) लावलेल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींतून जमावावर गोळ्या झाडल्या. साठ माणसे मेली. त्या रायफलींपैकी अनेकींना १०० काडतुसांची मॅगझिन होती. पुढे बंप स्टॉकवर सरकारने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि १४ जून २०२४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी ती रद्द झाली. निकाल ठरला तो एकाच प्रश्नावर: बोट जागच्या जागी असताना बंदूक मागेपुढे हलून चाप पुन्हा दाबला जातो, ती चापाची एक क्रिया मानायची की अनेक.