सुरतेचा डोडो

सुरतेचे नाव निघाले की मराठी मनाला 1664 सालचा जानेवारी महिना आठवतो. शिवाजी महाराजांची स्वारी, किल्ल्यात दडून बसलेला मोगल सुभेदार, वखारींच्या भिंतींआड तग धरून राहिलेले इंग्रज आणि डच व्यापारी, हे सारे आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. आज त्याच शहरातल्या दोन जिवांची हकीकत सांगावयाची आहे. ते या स्वारीच्या तीस-पस्तीस वर्षे आधी तेथे होते. ते व्यापारी नव्हते, सरदार नव्हते. ते दोन पक्षी होते.

पीटर मंडी नावाचा एक इंग्रज प्रवासी 1628 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत सुरतेस आला आणि काही वर्षे हिंदुस्थानात राहिला. पुढे 1638 साली त्याचे जहाज मॉरिशस बेटाच्या वाटेने जात असता त्याने आपल्या रोजनिशीत डोडो या पक्ष्याची आठवण नोंदविली. हंसाच्या दुप्पट मोठा, उडता न येणारा, पोहताही न येणारा, असे त्याचे वर्णन करून तो लिहितो की, त्या बेटावरून आणलेले असे दोन पक्षी आपण सुरतेच्या घरात पाहिले होते. हे घर म्हणजे कंपनीची वखारच असावी. अवघ्या एका वाक्याची ही नोंद. पण पक्षिशास्त्राच्या इतिहासात तिचे मोल मोठे आहे.

कारण डोडो आज जगात कोठेच नाही. तो फक्त मॉरिशस बेटावर राहत असे. तेथे त्याला कोणी शत्रू नव्हता, म्हणून पळण्याची गरज नव्हती आणि उडण्याचीही नव्हती. 1598 साली डच खलाशी त्या बेटावर उतरले. त्यांनी डोडोची शिकार केली हे खरे, परंतु त्याचा खरा घात केला तो जहाजांबरोबर आलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी. जमिनीवर घातलेली अंडी त्यांना आयतीच सापडली. डोडोला प्रत्यक्ष पाहिल्याची सर्वसाधारणपणे मान्य झालेली शेवटची नोंद 1662 सालची आहे. म्हणजे ओळख झाल्यापासून चौसष्ट वर्षांत पक्षी संपला. महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा तो बहुधा नामशेष तरी झाला होता, नाही तर त्याची शेवटची काही पिले कोठे तरी झाडीत लपली होती. तो संपला हे त्या वेळी कोणाच्या ध्यानातही आले नाही.

पुढे तर असा पक्षी कधी होता की नाही, याचीच विद्वानांना शंका येऊ लागली. युरोपात त्याची चित्रे होती, पण ती पाहून शंका वाढावी अशीच होती. रोलांट सॅव्हरी या फ्लेमिश चित्रकाराने तो पुन:पुन्हा रंगविला. त्याचा डोडो गलेलठ्ठ, करड्या रंगाचा, पोट जमिनीला टेकलेला असा दिसतो. पिंजऱ्यात कोंडून अतोनात चारलेला पक्षी, किंवा भुसा भरलेले कातडे, किंवा दुसऱ्याचे चित्र पाहून काढलेले चित्र, यांतूनच तो आकार आला असावा, असे आता अनेक अभ्यासक मानतात. 1865 साली मॉरिशसमधल्या एका दलदलीत हाडांचे ढीग सापडले, तेव्हा शंका फिटली. तथापि हाडांना रंग नसतो.

रंग सापडला तो एका मोगल चित्रात. त्यासाठी आपल्याला सुरतेहून जहांगीरच्या दरबाराकडे वळले पाहिजे.

जहांगीर म्हटला की मद्य, नूरजहान आणि न्यायाची साखळी एवढेच आपल्याला स्मरते. या बादशहाला पशुपक्ष्यांचे विलक्षण वेड होते, आणि ते नुसते संग्रहाचे वेड नव्हते. त्याच्या आत्मचरित्रात सारसांच्या एका जोडीची कथा आहे. त्यांची नावे त्यानेच ठेवली होती, लैला आणि मजनू. त्यांच्या मीलनाची वर्दी मिळताच तो पहाटे स्वत: पाहावयास गेला. मादी रात्रभर अंड्यांवर बसते, नर उभा राहून पहारा करतो, उजाडल्यावर दोघे पाळी बदलतात, हे त्याने टिपून ठेवले. एक पिल्लू चौतिसाव्या दिवशी बाहेर आले, दुसरे छत्तिसाव्या दिवशी, हेही लिहिले. नर आपल्या पिलाला पाय धरून उलटे उचलतो असे दिसले, तेव्हा तो त्यास इजा करील या भयाने बादशहाने त्याला दूर ठेवविले. पुढे ही माया आहे अशी खात्री पटल्यावर पुन्हा जवळ सोडविले. हिंदुस्थानच्या पातशाहीचा कारभार हाकता हाकता माणसाने सारसाच्या अंड्यांचे दिवस मोजावेत, याचे कारभाराच्या कागदांत आयुष्य घालविणाऱ्या माझ्यासारख्याला कौतुक वाटते.

1612 साली त्याचा अधिकारी मुकर्रबखान गोव्याहून परतला. फिरंगी मागतील ती किंमत देऊन दुर्मीळ वस्तू घ्याव्यात, अशी त्याला आज्ञा होती. त्याने आणलेल्या प्राण्यांत टर्की हा पक्षी होता. त्याच्या मानेचा रंग क्षणात पोवळ्यासारखा तांबडा, क्षणात कापसासारखा पांढरा होतो, हे पाहून बादशहा थक्क झाला. बाबराने आपल्या ग्रंथात प्राण्यांचे वर्णन केले, परंतु त्यांची चित्रे काढविली नाहीत. आपण ती काढवीत आहोत, असे तो अभिमानाने नमूद करतो. 1621 साली झेब्रा आला, तेव्हा पट्टे कोणी रंगविले असावेत अशी काहींना शंका आली. बारकाईने तपासणी झाली आणि पट्टे जन्मजात ठरले.

ही चित्रे काढणारा मुख्य हात उस्ताद मन्सूरचा. ‘नादिर-उल-अस्र’, म्हणजे आपल्या काळातला अद्वितीय, असा किताब त्याला बादशहाने दिला होता.

आणि हाच बादशहा मोठा शिकारीही होता. बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत आपल्यासमक्ष 28,532 जनावरे व पक्षी मारले गेले, त्यांतील 17,167 आपण स्वत: मारले, असा हिशेब त्याने देऊन ठेवला आहे. त्यात नीलगायीच 889 आहेत. सारसाच्या पिलासाठी कळवळणारा आणि हा हिशेब लिहिणारा हात एकच होता. दोन्ही ठिकाणी आकडे तेवढ्याच काळजीने लिहिलेले आहेत.

आत्मचरित्रात डोडोचा उल्लेख नाही. पण 1622 नंतर जहांगीरने स्वत: लिहिणे सोडले होते, आणि डोडोचे चित्र सुमारे 1625 सालचे समजले जाते. ते सेंट पीटर्सबर्ग येथे आहे आणि 1958 साली एका रशियन अभ्यासकाने ते पक्षितज्ज्ञांच्या नजरेस आणले. त्यावर सही नाही. शैलीवरून ते मन्सूरचे मानतात. मध्यभागी डोडो उभा आहे, भोवती इतर पक्षी आहेत. त्यांत हिमालयातला ट्रॅगोपान आहे, डोक्यावर काळे पट्टे असलेला हंस आहे, मलाया प्रदेशातला एक चिमुकला पोपट आहे. ते सगळे इतके हुबेहूब आहेत की आजचा अभ्यासक त्यांची जात बिनचूक सांगतो. शेजारी खरे, तर मधलाही खरा असावा, हा तर्क मला बिनतोड वाटतो. हा डोडो तपकिरी आहे आणि सॅव्हरीच्या डोडोइतका स्थूल नाही. जिवंत पक्ष्यावरून काढलेल्या रंगीत चित्रांपैकी हे सर्वांत विश्वसनीय, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. मंडीने पाहिलेल्या जोडीपैकीच एक बादशहाकडे गेला की दुसराच कोणी, हे मात्र चित्र सांगत नाही.

युरोपात आणलेल्या एका डोडोचे डोके आणि एक पाय ऑक्सफर्डच्या संग्रहालयात जपून ठेवले आहे. 2018 साली त्या डोक्याची क्ष-किरणांनी तपासणी झाली, तेव्हा कवटीत शिशाचे छर्रे आढळले. हा पक्षी लंडनमध्ये लोकांना दाखविण्यासाठी पाळलेला होता असा पूर्वीचा समज. प्रत्यक्षात त्याला मागून गोळी घालण्यात आली होती. त्याच पक्ष्याच्या अवशेषांवरून 2002 साली डोडोचे गोत्र निश्चित झाले. तो कबुतरांच्या कुळातला, आणि त्याचा सर्वांत जवळचा हयात भाऊबंद म्हणजे निकोबारी कबूतर, जे आपल्याच अंदमान-निकोबारच्या बेटांवर आजही नांदते.

मन्सूरने काढलेले आणखी एक चित्र कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. ते सायबेरियातून येणाऱ्या पांढऱ्या क्रौंचाचे. युरोपीय शास्त्रज्ञांनी या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले ते 1773 साली, चित्रानंतर सुमारे दीडशे वर्षांनी. हे क्रौंच हिवाळ्यात भरतपूरच्या पाणथळीत उतरत. 2002 साली तेथे शेवटची जोडी दिसली. त्यानंतर भरतपूरला ते आलेले नाहीत.