लिनक्सने आपले जन्मघर सोडले, त्याची गोष्ट

१/ जानेवारी १९९१. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या तरुणाने हप्त्यांवर एक संगणक विकत घेतला. त्यात इंटेलचा ३८६ हा प्रोसेसर होता. पुढे जगभर पसरलेली लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम याच यंत्रावर जन्मली. सुमारे बावीस वर्षांनी तिची नवी आवृत्ती या जन्मघरात चालेनाशी झाली, आणि तसा निर्णय तिच्या रचनाकारांनीच विचारपूर्वक घेतला होता.

२/ २५ ऑगस्ट १९९१ रोजी टोरवाल्ड्स यांनी आपल्या प्रकल्पाची पहिली जाहीर वार्ता दिली, तीच मुळी मर्यादा सांगणारी होती. ही प्रणाली ३८६ शी जखडलेली आहे, आणि एटी पद्धतीच्या हार्ड डिस्कखेरीज दुसरे काही तिला बहुधा कधीच चालवता येणार नाही. कारण आपल्यापाशी तेवढेच आहे, असे त्यांनी लिहिले होते. हे कारण ध्यानात ठेवावे. लिनक्सच्या पुढच्या इतिहासात ते वेगवेगळ्या रूपांत पुन्हा भेटते.

३/ वार्तेतील भाकीत मात्र साफ चुकले. जगभरातील लोकांनी आपापल्या यंत्रांसाठी ड्रायव्हर लिहिले. ड्रायव्हर म्हणजे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) आणि एखादे उपकरण यांच्यामधला दुभाषी. उपकरण अडगळीत गेले तरी दुभाषी कर्नलमध्ये राहतोच. कर्नलची अंतर्गत रचना बदलली की त्यालाही बदलावे लागते, आणि तो बदल बरोबर झाला की नाही हे पाहायला खरे उपकरण हाताशी असावे लागते.

४/ ३८६ च्या बाबतीत अडचण प्रोसेसरचीच होती. स्मृतीतील मूल्य तपासून, ते अपेक्षित असेल तरच बदलायचे, आणि हे सारे एका अखंड कृतीत करायचे, अशी आज्ञा इंटेलने १९८९ च्या ४८६ मध्ये आणली. अनेक प्रोसेसर एकत्र काम करू लागले तेव्हा ही आज्ञा कर्नलचा कणाच ठरली. ३८६ ला ती ठाऊक नव्हती. शिवाय एखादे पान ‘लिहू नये’ म्हणून राखलेले असले, तरी खुद्द कर्नल त्यावर लिहू लागला तर ३८६ त्याला अडवत नसे. या दोन उणिवांसाठी वेगळी तजवीज वर्षानुवर्षे सांभाळावी लागली. इंटेलने मात्र २००७ मध्येच ३८६ चे उत्पादन थांबवले होते.

५/ डिसेंबर २०१२ मध्ये इंगो मोल्नार यांनी ३८६ चा आधार काढणारे बदल पाठवले. तुमचा १९९१ चा मूळ संगणक आता नव्या कर्नलवर सुरू होणार नाही, अशी हळहळही त्यांनी सोबत व्यक्त केली. टोरवाल्ड्स यांनी आपण भावनाप्रधान नसल्याचे कळवले, पीडा टळली अशा थाटात बदल स्वीकारले, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये ३.८ ही आवृत्ती ३८६ वाचून प्रसिद्ध झाली. जुनी आवृत्ती कोणी हिरावून घेतली नव्हती. ती त्या यंत्रावर चालतच राहिली. पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या जुन्या आवृत्त्यांना कायम मिळत नाहीत. खरी किंमत ती.

६/ पुढे २०२१ मध्ये, ५.१४ या आवृत्तीत, आयडीई डिस्कचे जुने ड्रायव्हरही गेले. तिथे फारसे दुःख नव्हते, कारण लिबाटा ही नवी व्यवस्था तेच काम करीत होती.

७/ फ्लॉपीची कथा अधिक बोलकी आहे. जुलै २०१९ मध्ये तिच्या ड्रायव्हरची ‘अनाथ’ म्हणून नोंद झाली, कारण तो सांभाळणाऱ्याकडे चालू स्थितीतील फ्लॉपी यंत्रच उरले नव्हते. यूएसबीला जोडायच्या फ्लॉपी ड्राइव्हना या ड्रायव्हरची गरज नसते. पण त्या सहसा साडेतीन इंची चकत्याच वाचतात. सव्वापाच इंची चकतीवरील एखादे जुने हस्तलिखित वा हिशेब वाचायचा, तर अनेकदा जुना फ्लॉपी कंट्रोलर वापरावा लागतो, आणि लिनक्सवर त्याच्याशी बोलतो तो हाच ड्रायव्हर. अभिलेखागारांच्या दृष्टीने ही क्षुल्लक बाब नव्हे.

८/ तरीही अनाथ ठरल्याबरोबर तो काढला गेला नाही. आभासी यंत्रांत फ्लॉपी कंट्रोलरची नक्कल अजून वापरात होती. त्याच सुमारास या ड्रायव्हरमधील सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त करणाऱ्या एका विकासकाने पुढे त्याचे पालकत्व स्वीकारले, आणि ‘अनाथ’ ही नोंद पुसली गेली.