पाठभेद जुळवणारी माणसं

विसाव्या शतकाच्या आरंभीचं पुणं सभांचं, व्याख्यानांचं आणि वादांचं शहर होतं. विद्वत्ता फडावर सिद्ध करावी लागे. चारचौघांत बोलायला बुजणाऱ्या बुद्धिमान माणसाला तिथे अडचणच होती. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली आणि अशा स्वभावाला मानाने जगता येईल असं एक काम उभं राहिलं.

काम होतं पाठभेद नोंदवण्याचं. मोठ्या कागदावर चौकटी आखायच्या. वरच्या ओळीत प्रचलित पाठातला श्लोक, एकेका चौकटीत एकेक अक्षर. खाली हस्तलिखितांच्या ओळी. जिथे अक्षर बदलेल तिथे तो बदल टिपायचा. शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्या वाचणारे शास्त्री ही पानं भरत. एका श्लोकासाठी किमान दहा पोथ्या, बहुधा त्याहून कितीतरी जास्त. इथे वक्तृत्व कामाचं नव्हतं. लागत होती ती एका अक्षरापाशी थांबण्याची तयारी. हा गुण पगारी नोकरीत मोलाचा ठरला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींसारख्या आश्रयदात्यामुळे ते शक्य झालं.

१९२५ मध्ये सूत्रं विष्णू सीताराम सुखटणकरांकडे आली. केंब्रिजला गणित शिकून, बर्लिनला ल्यूडर्स यांच्याकडे संस्कृतात डॉक्टरेट मिळवून आलेला हा माणूस. आदिपर्व पुरं व्हायला १९३३ उजाडलं. गणपतीने व्यासांचा लेखनिक होण्याची कथा त्यांनी मूळ संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली. तेही पुण्यात, जिथे गणेशोत्सवाने सारा गाव दुमदुमतो! पण निर्णयाच्या पाठीशी कुणाची मतं नव्हती, पोथ्यांचा पुरावा होता. भरल्या सभेत असा वाद जिंकणं कठीण. चौकटींच्या कागदांवर तो आधीच सुटलेला होता.

सुखटणकर १९४३ च्या जानेवारीत गेले. पुढे बेलवलकर आणि प. ल. वैद्य यांनी काम चालवलं. १,२५९ हस्तलिखितं तपासून झाल्यावर १९६६ च्या सप्टेंबरात राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत ही आवृत्ती पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. पानं भरणाऱ्या बहुतेक शास्त्र्यांची नावं आज वाचकांना ठाऊक नाहीत. महाभारताचा अभ्यास मात्र जगभर मुख्यतः त्यांनी तपासलेल्या अक्षरांवरून होतो.