कांगावची टेकडी आणि कर्नल थोरात

हिंदी माणसाने लढावे, परंतु गोऱ्या माणसास हुकूम देऊ नये, असे इंग्रज सरकारचे लष्करी धोरण होते. त्यातूनच १९२३ साली ‘आठ युनिटांची योजना’ निघाली. नव्या हिंदी अधिकाऱ्यांस ठराविक आठ युनिटांतच धाडावयाचे, म्हणजे कोणा इंग्रजावर त्यांची हुकमत चालण्याचा प्रसंगच नको! या आठांत मद्रास पायोनियर्सची एक पलटण होती. कोल्हापूरकडील वडगावचे शंकरराव पांडुरंग पाटील थोरात १९२६ साली सँडहर्स्टहून बाहेर पडले व अशाच एका पंजाबी पलटणीत दाखल झाले.

या धोरणाची परीक्षा झाली ती आराकानच्या चिखलात. जानेवारी १९४५ मध्ये जपानी सैन्य किनाऱ्यालगतच्या रस्त्याने माघार घेत होते. तो रस्ता कांगाव येथे अडवावयाचा होता. खारफुटीच्या खाड्यांतून नावांनी सैन्य उतरले. तेथे झुंजलेल्या ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नायक हिंदी होते: थिमय्या, सेन आणि थोरात. ‘मेलरोज’ नाव दिलेल्या टेकडीवर जपानी खंदक खणून बसले होते. आधीच्या हल्ल्यांत माणसे पडली होती. जानेवारीच्या अखेरीस थोरातांच्या दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या पलटणीने संगिनी रोखून माथा गाठला आणि टेकडी घेतली. तिघांही नायकांस डी. एस. ओ. हे शौर्यपदक मिळाले. हिंदी अधिकाऱ्यास पलटण पेलेल काय, हा प्रश्न त्यानंतर कोणी गंभीरपणे विचारला नसावा.

थोरातांचे शिपाई मराठे नव्हते, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. आम्ही एग्मोरची मराठी मंडळी परमुलखात कचेरीची कामे उरकतो आणि त्याचेच कौतुक करून घेतो. त्यांनी शीख, डोग्रा व पंजाबी मुसलमान यांना मृत्यूच्या तोंडी नेले, आणि ते त्यांच्यामागून गेले.

त्यांचे खरे धैर्य मला मात्र कोरियात दिसते. १९५३ साली युद्धकैद्यांवर देखरेख ठेवणाऱ्या हिंदी फौजेचे ते सेनापती होते. चिनी कैद्यांनी आपल्या एका मेजरला कुंपणाआड डांबले, तेव्हा थोरात स्वतः त्या जमावात शिरले, बोलणी केली व अधिकाऱ्यास सोडवून आणले. गोळी झाडावी लागली नाही.

पुढे पूर्व विभागाचे सेनापती असता, १९६० साली लखनौ येथील ‘लाल किला’ या युद्धाभ्यासात, चीन ईशान्य सीमेवर कसा उतरेल आणि आपले बळ कोठे तोकडे पडेल, हे त्यांनी मांडून दाखविले. दिल्लीने ते मनावर घेतले नाही. १९६१ साली ते निवृत्त झाले. पुढल्याच वर्षी, ऑक्टोबरात, चिनी सैन्य सीमा ओलांडून आले.