गव्हाणी आणि वेदी

नाताळ जवळ येताच आम्ही गोठे बांधू लागतो. ही प्रथा जनमानसात रुजविणारी रात्र १२२३ सालच्या नाताळची. इटलीतील ग्रेच्चो गावी असिसीकर संत फ्रान्सिस यांनी गव्हाणी, गवत, बैल व गाढव एवढेच आणविले. बाळ येशूने सोसलेले हाल प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावेत, ही त्यांची इच्छा होती. चरित्रकार थॉमस चेलानोकर यांच्या वृत्तांतात मूर्ती मांडल्याचा उल्लेख नाही. त्या गव्हाणीवरच मिस्साबली अर्पण झाला. डीकन असलेल्या फ्रान्सिस यांनी शुभवर्तमान गायिले. गव्हाणीच वेदी झाली. पारितोषिकासाठी रात्री जागवून आम्ही गोठे सजवितो, मिस्साला मात्र उशिरा येतो. ग्रेच्चोचे गावकरी मेणबत्त्या व मशाली घेऊन निघाले होते, ते त्या वेदीकडे.