पोराच्या खांद्याला झेपेल अशी बंदूक

आमचं मावला आज आदिलाबादला जवळजवळ चिकटलंय. २०१६ साली स्वतंत्र मंडल झालं, नागपूर-हैदराबाद हमरस्त्यालगत हरितवन झालं. पण आमच्या लहानपणी रात्री जोंधळ्यात रानडुकरं शिरायची आणि जागलीला माळ्यावर माणूस बसवावाच लागे. ज्या घरात बंदूक, तिथे कधी ना कधी विषय निघायचाच: पोरगा हाताशी आला, आता याला कोणती द्यायची?

निवड फारशी नव्हती. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीची, आणि संरक्षण किंवा शिकारीसाठी किमान वीस इंच नळीची छऱ्याची बंदूक, एवढ्यांचा परवाना त्यातल्या त्यात सोपा. रायफलीला सबळ कारण दाखवावं लागे. वयाची अट तेव्हा सोळा वर्षांची होती, १९८३ साली ती एकवीस झाली. सैन्याची ३०३ सामान्य माणसाला मिळत नसे, म्हणून इशापूरच्या सरकारी कारखान्यातली ३१५ बोअर. पण चार किलोच्या आसपासचं ते धूड काडीपैलवान पोराने उचलायचं कसं?

सगळ्यांना वाटे, हलकी घ्या म्हणजे झालं. इथेच गंमत आहे. काडतूस तेच ठेवून बंदूक हलकी केली की धक्का वाढतो. म्हणजे हातांना सुख आणि खांद्याला दुःख. आमच्या बँकेच्या दारातल्या गार्डची बारा बोअर दुनळी बघितलीत ना? ती नवख्याने हलक्या अंगाची घेतली की दुसऱ्या बाराला तो चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो. एकदा ती खोड लागली की वर्षानुवर्षं जात नाही. म्हणून जाणती माणसं आधी काडतूस हलकं करायची, मग बंदूक. दुसरी गोष्ट दस्त्याची. दस्ता लांब असला की पोरगं मागे रेलतं, नळी वर जाते. माझ्या काकांनी सुताराकडून दस्ता बोटभर कापून घेतला होता. शेजारी हसले, पण चुलतभावाचा नेम तेवढ्यानेच सुधारला.

चारशे दहा बोअरची छोटी बंदूक पोरांची म्हणून विकली जायची. धक्का कमी हे खरं. पण छरे मोजकेच, तेव्हा उडता तितर पाडायला हात मुरलेलाच हवा. मला विचाराल तर ती नवख्याची बंदूकच नव्हे.

शिकण्यासाठी उत्तम म्हणजे बावीस. १९६३ साली एन.सी.सी. कॉलेजात सक्तीची झाली आणि आम्हा कॉमर्सवाल्यांनाही पालथं झोपून बावीस चालवायला मिळाली. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, धक्का म्हणाल तर कुणी खांद्यावर थाप मारल्यासारखा. पण ती सशापुरती. डुकरावर बावीस झाडणं म्हणजे जनावर जखमी करून सोडणं, आणि जखमी डुक्कर सकाळी शेतात येणाऱ्या बायांच्या वाट्याला येतं. काका एवढ्या एका बाबतीत कडक होते. मेलं तर मेलं, नाही तर बार हवेत काढून हाकला, पण अर्धवट नको.

मोठ्या जनावरालाही फार मोठी बंदूक लागते असं नाही. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जिम कॉर्बेटला बक्षीस मिळाली ती २७५ ची रिग्बी, तशी सुटसुटीतच रायफल.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचा विषय मिटला. मिटला ते बरंच झालं, तोवर ससेसुद्धा दिसेनासे झाले होते. बंदुका मात्र घरात राहिल्या. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायच्या, निकालानंतर पावती दाखवून परत आणायच्या. आमची ती आखूड दस्त्याची बंदूक काका गेल्यावर कायमची जमा केली. ठाण्यातल्या जमादाराने दस्ता उलटसुलट बघितला आणि विचारलं, "ही लहान मुलाची होती काय?"