लंगरची पंगत एक, मग स्मशानं वेगळी का? आजच्या शीख समाजाची बलस्थानं आणि उणिवा
२०११ च्या जनगणनेनुसार भारतात शीख सुमारे २ कोटी ८ लाख, म्हणजे जेमतेम १.७ टक्के. तरी मदतकार्यात हा समाज ठळकपणे दिसतो. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गाझियाबादच्या एका गुरुद्वाऱ्याने रस्त्यावरच 'ऑक्सिजन लंगर' सुरू केलं. यामागे दोन जुन्या सवयी आहेत: कमाईचा दहावा हिस्सा देण्याचा 'दसवंध' आणि हाताने केलेली सेवा. लंगरमध्ये भांडी घासायला श्रीमंतही बसतो.

पण जातीचं काय? गुरु ग्रंथ साहिबमध्ये आपले संत नामदेव आहेत, संत रविदासही आहेत. तरीही पंजाबातल्या अनेक गावांत दलित शिखांचे गुरुद्वारे वेगळे, स्मशानंही वेगळी. जमीन बहुतेक जाट शिखांकडे, त्यामुळे गावातला शब्दही त्यांचाच चालतो. खरी अडचण इथेच आहे.

स्त्रियांबाबतही तेच. १९२५ च्या गुरुद्वारा कायद्याने त्यांना मतदानाचा हक्क दिला, १९९९ मध्ये बीबी जागीर कौर शिरोमणी समितीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. मात्र २०११ मध्ये शिखांत सहा वर्षांखालील दर १००० मुलांमागे मुली होत्या फक्त ८२८. देशाची सरासरी ९१८ होती.